वेड पांघरलेला दिवा

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हे शाळेत पाठ करावं लागत नाही. ते घरातच कानावर पडतं. त्यातलं पेडगाव म्हणजे भीमेकाठचं, श्रीगोंदा तालुक्यातलं, बहादूरगडाचं पेडगाव असं मानतात. या लेखातलं पेडगाव दुसरं आहे. ते परभणी तालुक्यातलं, परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं. पण वेड पांघरणारं एक पात्र इथेही घरोघरी भेटेल. ते म्हणजे शेडच्या कपाळावरचा दिवा.

शहरात ज्याला गॅरेज म्हणतात, ते इथे पत्र्याचं शेड असतं. आत ट्रॅक्टर, मोटारसायकल, फवारणीचा पंप, कोपऱ्यात कडबा कुट्टी. बाहेर, पत्र्याच्या कडेखाली, अंगणाकडे तोंड करून एक फोकस. संध्याकाळी बटण दाबलं की तो लागतो. जेवायला बसावं तर जातो. उठून बटण दोनदा खालीवर करावं. कधी लागतो, कधी नाही. घरातून सल्ला येतो, ‘बल्ब बदला.’ बल्ब बदलतो, चार दिवस बरे जातात, पुन्हा तेच. आणि वायरमन आला की हा दिवा हटकून लखलखत असतो, डॉक्टरांच्या दारात पोचताच ताप उतरलेल्या पोरासारखा.

कायमचा बंद पडलेला दिवा सरळ स्वभावाचा असतो. तार तुटली असेल, दिवा जळाला असेल. टेस्टर लावला की दहा मिनिटांत उलगडा होतो. अधूनमधून जाणारा दिवा मात्र भल्याभल्यांना फिरवतो, कारण तपासायला जावं तेव्हा बिघाड हजर नसतो. म्हणून त्याला सगळे ‘वेडा’ म्हणतात. पण तो वेडा नसतो, वेड पांघरलेला असतो. त्याच्या जाण्या-येण्याला वेळापत्रक असतं आणि त्या वेळापत्रकातच कारण लपलेलं असतं. जुने वैद्य ताप रोजचा की एकांतरा हे आधी विचारत, नाडी मागाहून बघत. दिव्याचंही तसंच करायचं. पक्कड हातात घेण्याआधी पेन घ्यायचं.

वेगळी वहीसुद्धा नको. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या ज्या चौकोनात आपण दुधाचं माप आणि गॅसची टाकी लावल्याची तारीख लिहितो, तिथेच लिहावं: किती वाजता गेला, किती वेळानं आला, तेव्हा पाऊस, वारा की उकाडा, कुठली मोटर चालू होती, आणि त्याच्याबरोबर आणखी काय गेलं. आठ-दहा दिवसांत या टिपणांना आकार येतो. त्यातला शेवटचा प्रश्न सगळ्यांत आधी वाचायचा.

बरोबर आणखी कोण गेलं?

शेजाऱ्याचाही दिवा गेला असेल, तर आपल्या शेडवर शिडी लावण्यात अर्थ नाही. बिघाड डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, खांबावर किंवा त्याच्याही मागे आहे. डीओ फ्यूज उडाला असेल, एखादा फेज गेला असेल. ते काम लाईनमनचं. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. डीपीच्या पेटीत हात घालून कुणी शूर ठरत नाही.

आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या शेडवरच्या, दिव्याची गोष्ट निराळी. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी गावठाणाचा आणि शेतीचा पुरवठा वेगवेगळ्या फीडरवरून होतो. शेतीपंपांना थ्री-फेज ठरावीक तास, दिवसपाळी-रात्रपाळीच्या चक्रानं मिळते. गावातल्या घराचा दिवा सुरळीत आणि शेतातल्या आखाड्याचा मात्र दर आठवड्याला वेगळ्या वेळी जातो, असं कॅलेंडर सांगत असेल, तर तो बिघाड नव्हेच. ते फीडरचं वेळापत्रक आहे.

एक खूण मात्र दिसताक्षणी मेन स्विच बंद करायला लावणारी आहे. आपला दिवा मंद होतो तेव्हा शेजारच्या घरातला भगभगीत पेटतो, किंवा आपल्याच घरात पंखा अचानक भन्नाट फिरू लागतो. डीपीवरून गावात तीन फेज आणि एक सामायिक न्यूट्रल निघतो. फेज आणि न्यूट्रल यांच्यात सुमारे २३० व्होल्ट असतात, कुठल्याही दोन फेजांमध्ये ४००. न्यूट्रल कुठे सैल झाला किंवा तुटला, की दोन वेगळ्या फेजांवरची घरं एकमेकांमागे जोडल्यासारखी होतात आणि ४०० व्होल्ट आपापसांत वाटून घेतात. ही वाटणी समान नसते. ज्याच्या घरी कमी उपकरणं चालू, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज. ज्या घरात नुसता एक दिवा आणि टीव्ही चालू आहे, तिथला टीव्ही आधी जळतो, तो यामुळेच.

शेजाऱ्याचा दिवा चालू आणि आपलं सगळं घर अंधारात, म्हणजे बहुधा आपल्या बोर्डातलं काहीतरी पडलं. ते पावसाच्या प्रकरणात पाहू. आणि घर उजेडात, फक्त शेडचा दिवा गेलेला, असं असेल तर शोध शेडपुरता उरला. आता वेळ बघायची.

मिनिटांचा फेरा

लावल्यावर वीस मिनिटांनी जातो, पाचेक मिनिटांनी आपोआप येतो, पुन्हा वीस मिनिटांनी जातो. असा नेमाचा फेरा दिसला की संशय उष्णतेवर घ्यावा.

एलईडी थंड असते हा समज अर्धाच खरा आहे. तिच्या प्रकाशात उष्णता नसते, पण तिच्या पाठीत भरपूर असते. ५० वॅटचा फोकस घेतला तर त्यातली अर्ध्याहून जास्त वीज उष्णता होऊन मागच्या धातूच्या पंखांतून बाहेर पडावी लागते. त्या पंखांवर वर्षाची धूळ बसली, कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं, किंवा फोकस पत्र्याला चिकटवून बसवला, की उष्णता आतच कोंडते. दिव्याला वीज पुरवणाऱ्या बऱ्या प्रतीच्या ड्रायव्हरमध्ये तापमान हद्दीबाहेर गेलं की पुरवठा तोडायची सोय असते. तो तोडतो, दिवा जातो. निवला की जोडतो, दिवा येतो. हा बिघाड नव्हे, ती दिव्यानं स्वतःची केलेली राखण आहे. पंख साफ करून आणि दिवा पत्र्यापासून बोटभर दूर घेऊन प्रश्न सुटू शकतो.

दुसरी शक्यता आतल्या चिपांची. फोकसमधल्या एलईडी एकामागे एक अशा माळेत जोडलेल्या असतात. दिवाळीच्या जुन्या माळेतला एक बल्ब गेला की ओळच्या ओळ विझायची, तसंच इथे. एका चिपमधली केसाहून बारीक तार तडकलेली असेल, तर थंड असताना तिची टोकं टेकलेली राहतात. गरम होऊन भाग फुगले की सुटतात. दिवा जातो, निवतो, टोकं पुन्हा टेकतात. हा दिवा बदलण्यावाचून इलाज नाही.

तिसरी शक्यता ड्रायव्हरच्या म्हाताऱ्या कपॅसिटरची. २३० व्होल्टच्या एसीतून एलईडीला हवी तशी डीसी करून देणारा ड्रायव्हर हाच या दिव्याचा कच्चा दुवा. चिपा अजून ठणठणीत असताना तो थकतो. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि तो उष्णतेनं हळूहळू उडून जातो. तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ढोबळ नियम आहे. त्याच्या मुळाशी स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अरेनियस यांनी १८८९ मध्ये मांडलेलं सूत्र आहे. परभणीच्या मे महिन्यात भर दुपारी पत्रा हात टेकवता येणार नाही इतका तापतो. दिवा तेव्हा बंद असला, तरी कपॅसिटर त्या भट्टीतच बसलेला असतो. म्हणूनच बैठकीतला दिवा पाच वर्षं टिकतो आणि त्याच दुकानातला शेडवरचा दोन वर्षांत लुकलुकायला लागतो.

पिवळ्या उजेडाचा जुना सोडियमचा दिवा अजून कुठे असेल, तर त्याच्या फेऱ्याचं कारण वय. म्हातारपणी त्याच्या आतल्या नळीला पेटत राहायला अधिकाधिक व्होल्टेज लागतं. चोक एका मर्यादेपर्यंत देतो, मग पुरा पडत नाही. दिवा विझतो. गरम नळी लगेच पेटत नाही, मिनिटभर निवावी लागते; निवली की पुन्हा तांबूस, मग पिवळी. रस्त्याकडेला रात्रभर असा लपंडाव खेळणारे दिवे आपण पाहिलेले आहेत. तिथे वायर तपासण्यात वेळ घालवू नये, नळी बदलावी.

दोष दिव्यात की बाहेर, हे ठरवायला अदलाबदलीइतकी सोपी परीक्षा नाही. शेडचा दिवा उतरवून घरातल्या चालत्या जागी लावायचा आणि घरातला शेडवर. रोग दिव्याबरोबर घरात आला, तर दोष दिव्यात. रोग शेडवरच राहिला, तर दोष तारेत किंवा तिथल्या तापलेल्या जागेत. चार महिन्यांत चार बल्ब बदलणाऱ्यानं ही एक संध्याकाळ दिली असती, तर तीन बल्बांचे पैसे वाचले असते.

डोळे असलेले दिवे

आता बऱ्याच फोकसला डोळा असतो. अंधार पडला की लावणारा, किंवा माणूस आला की लावणारा. या डोळ्यांची वेडं पाहण्यासारखी असतात.

अंधार ओळखणारा सेन्सर फक्त एवढंच बघतो: माझ्यावर उजेड पडतोय का? उजेड कुणाचा, हे त्याला कळत नाही. समजा, दिवाळीआधी समोरच्या भिंतीला पांढराशुभ्र रंग दिला. त्या रात्रीपासून दिवा लागतो, काही सेकंदांनी जातो, पुन्हा लागतो. तारेला कुणी हात लावलेला नसतो; बदलली ती भिंत. दिव्याचा उजेड तिच्यावरून उलटून सेन्सरच्या डोळ्यात जातो, त्याला वाटतं उजाडलं, तो दिवा बंद करतो. अंधार झाला, लावतो. सेन्सरचं तोंड दुसरीकडे वळवलं की वेड उतरतं. अशीच गत रात्री परतणाऱ्या गाडीमुळे होते. गाडीचा उजेड क्षणभर पडला तर सेन्सर दुर्लक्ष करतो, कारण त्यात मुद्दाम थोडा उशीर ठेवलेला असतो. पण गाडी तोंड करून उभी राहिली, दिवे तसेच राहिले, की त्याची पहाट होते आणि नेमकं कुलूप उघडायच्या वेळी अंगण काळोखात जातं.

माणूस ओळखणारा सेन्सर माणसाला ओळखतच नाही. तो हलणारी ऊब ओळखतो. आपल्या अंगातून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सतत निघत असतात. सेन्सरपुढची खाचाखाचांची पांढरी टोपी समोरच्या जागेचे पट्टे पाडते. मागच्या भिंतीपेक्षा गरम काहीतरी एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की सेन्सरला धक्का बसतो आणि दिवा लागतो. यात दोन अटी आहेत: हलणं आणि तापमानातला फरक.

पहिली अट मोडते ती ट्रॅक्टरखाली आडवं पडून नट आवळताना. माणूस आहे, पण हलत नाही. सेन्सरच्या लेखी अंगण रिकामं झालं. वेळ संपली की दिवा जातो. सेन्सरच्या पोटाखाली वेळेची एक चकती असते. दुरुस्तीच्या जागी ती कमीत कमीवर ठेवून चालत नाही.

दुसरी अट मोडते ती परभणीच्या उन्हाळ्यात. दुपारी पारा ४३-४४ अंशांवर गेलेला. रात्री आठ-नऊलाही दगडी भिंत, सिमेंटचा ओटा दिवसभराचं ऊन ओकत असतात. माणसाच्या कातडीचं तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास. मागची भिंतही तितकीच गरम असेल, तर सेन्सरला माणूस दिसतच नाही, धुक्यात पांढरी गाय दिसू नये तसा. जानेवारीच्या थंडीत दूरवरून ओळख देणारा दिवा मे महिन्यात पायरीपर्यंत गेलो तरी ढिम्म राहतो, आणि लागलाच तर मध्येच विझतो. मे महिन्यात बिघडला आणि पावसाळ्यात आपोआप बरा झाला, असं कॅलेंडर सांगत असेल, तर वायरमनला त्रास देऊ नये. सेन्सर अशा बाजूला लावावा की माणूस त्याच्याकडे सरळ चालत न येता त्याच्यासमोरून आडवा जाईल. आडवी हालचाल त्याला चटकन कळते.

मोटर लावली की

टिपणांत वारंवार ‘मोटर चालू’ असं दिसत असेल, तर गोष्ट तारेची आहे.

शेडपर्यंतची तार बहुधा कुठल्यातरी जुन्या कामातून उरलेली असते. दिव्यापुरतीच म्हणून एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढलेली असते. पुढे त्याच वायरवर पाण्याची मोटर येते, कडबा कुट्टी येते. या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे १८ ओहम. घरापासून शेड १०० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन २०० मीटर, म्हणजे सुमारे ३.६ ओहम. एक अश्वशक्तीची मोटर चालताना ५ अँपिअरच्या आसपास घेते. तेवढ्यात १८ व्होल्ट वाटेतच सांडतात. पण सुरू होताना ती त्याच्या पाचपट वीज ओढते. २५ अँपिअर गुणिले ३.६ ओहम, म्हणजे ९० व्होल्ट. शेडवर उरतात १४० व्होल्ट, तेही घरी पूर्ण २३० असले तर. रब्बीच्या दिवसांत गावाचंच व्होल्टेज पडलेलं असलं, की स्वस्तातला ड्रायव्हर शरण जातो. इलाज दिव्यात नाही. मोटरसाठी जाड, वेगळी वायर ओढावी.

मोटर सुरू होताना नव्हे, तर ती अर्धा तास चालल्यावर दिवा जात असेल, तर कुठलातरी जोड सैल आहे. एका जोडात फक्त एक ओहम रोध आला असं धरू. नुसता दिवा चालू असताना त्यातून अँपिअरचा पाव हिस्सा जातो. जोडाला काही कळतही नाही. पाच अँपिअरची मोटर लागली, की पाचाचा वर्ग पंचवीस, त्या टीचभर जोडात २५ वॅटची शेगडी पेटते. जोड तापतो, काळवंडतो, रोध आणखी वाढतो, तो आणखी तापतो. दिव्याचं जाणं ही त्या जोडाची बोंब असते. शेजारी कडबा रचलेला असेल, तर ती वेळेवर ऐकलेली बरी.

असे जोड बहुतेकदा तांबं आणि ॲल्युमिनियम यांच्या लग्नातून बिघडतात. खांबावरून येणारी तार ॲल्युमिनियमची, घरातली तांब्याची. दोघांना पीळ घालून वर काळी टेप गुंडाळलेली. ॲल्युमिनियमवर हवेत क्षणात ऑक्साइडचा थर चढतो आणि तो थर वीज नेत नाही. शिवाय दोन्ही धातू सारखे फुगत नाहीत: तापमान एक अंशानं वाढलं की ॲल्युमिनियम दर दहा लाखांत २३ भाग वाढतं, तांबं १७. थंडीत ज्या परभणीचा पारा कधी पाच अंशांपर्यंत उतरतो आणि उन्हाळ्यात ४४ च्या वर चढतो, तिथे हा जोड वर्षभर आकसत-फुगत ढिला होतो. त्यात दमट हवा शिरली की दोन वेगळ्या धातूंची छोटी बॅटरी तयार होऊन ॲल्युमिनियम झिजतं. दोन धातूंसाठी वेगळे लग आणि कनेक्टर मिळतात. टेपनं हे काम होत नाही. टेप रोग झाकते.

वाऱ्याबरोबर जाणारा दिवा याच घराण्यातला, पण जास्त घातक. तार पत्र्याच्या कडेवरून नुसती टाकलेली असते. वाऱ्यानं पत्रा थरथरतो आणि त्याची धार तारेचं आवरण रोज थोडं थोडं कापते. आधी दिवा फडफडतो. मग एक दिवस फेज पत्र्याला टेकतो आणि अख्खं शेड जिवंत होतं. वाऱ्यात दिवा जातो असं लक्षात आलं, की घरातून पुरवठा बंद करायचा. तोवर पत्र्याला, दाराच्या कडीला, लोखंडी खांबाला हात लावायचा नाही.

पाऊस आला की

मृगाचे चार थेंब पडले आणि सगळं घर अंधारात गेलं. बोर्डातला आरसीसीबी पडला. उचलला की पुन्हा पडतो. दुपारी ऊन पडलं, आणि मुकाट उभा राहिला.

या पेटीत एक साधा हिशेब चालतो: फेजमधून जितकी वीज गेली, तितकीच न्यूट्रलमधून परत आली का? फरक दिसला तर उरलेली वीज कुठेतरी जमिनीत मुरते आहे. कदाचित माणसाच्या अंगातून. घरगुती आरसीसीबीला हा फरक ३० मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा तेहेतिसावा हिस्सा, झाला की एका निमिषात तो पुरवठा तोडतो. २३० व्होल्टला ३० मिलिअँपिअर गळायला सुमारे ७,७०० ओहमची वाट पुरते. धूळ भरलेल्या ओल्या जंक्शन बॉक्सला ती वाट सहज जमते.

मुसळधार पावसापेक्षा पहिली रिमझिम जास्त त्रास देते, याचं कारण उन्हाळाभर साचलेली धूळ. कोरडी धूळ वीज नेत नाही, शुद्ध पाणीही फारसं नेत नाही. पण थोड्या पाण्यात धुळीतले क्षार विरघळले, की त्यांचा लेप वीज नेतो. जोराचा पाऊस तो लेप धुऊनही टाकतो. खांबावरच्या चिनीमातीच्या चिमण्यांचंही हेच होतं. म्हणून मृगाच्या पहिल्या सरीला गावाची लाईट जाते आणि भर श्रावणात टिकते.

बंद, पक्क्या फोकसमध्ये पाणी कसं जातं, याचं नवल वाटतं. तो ते श्वासानं ओढतो. लागलेला दिवा गरम, आतली हवा फुगलेली. अचानक पावसानं काच गार पडते, हवा आकसते, आणि जिथून तार आत जाते त्या फटीवरचा थेंब आत खेचला जातो. म्हणून तारेचं तोंड नेहमी खालच्या बाजूला हवं, आणि तार आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायला हवा, म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरून गळेल. खोक्यावर ‘आयपी ६५’ असं लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. सहा म्हणजे धूळ पूर्ण बंद, पाच म्हणजे पाण्याची धार झेलेल. पण हा दाखला कारखान्यातल्या दिव्याचा. आपण भोक पाडून, रबर न बसवता तार घातली की तो तिथेच रद्द होतो.

जमिनीखालून तार नेली असेल, तर इथली काळी माती स्वतःचे रंग दाखवते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल अशा भेगा पाडते. या ओढाताणीत साधा पाइप सांध्यात सुटतो, आतली वायर ताणली जाते, आवरणाला चीर पडते. कोरडं असेपर्यंत सगळं आलबेल. पावसाचं पाणी भेगांतून थेट तिथवर उतरलं की गळती सुरू. अर्थिंगचंही तेच: मे महिन्यात माती पाइपपासून सुटून उभी राहते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. म्हणून जुनी माणसं अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात घागरभर पाणी ओततात. ते शास्त्राला धरून आहे.

यावरूनच एका जुन्या पापाचा छडा लागतो. न्यूट्रल सापडला नाही म्हणून कुणीतरी शेडचा दिवा फेज आणि अर्थिंग यांच्यावर लावलेला असतो. तो पावसाळ्यात झकास लागतो, उन्हाळ्यात माती सुकली की मिणमिणतो आणि जातो. इतर दिवे पावसात जातात, हा पावसात बरा होतो. अशी उलटी नोंद दिसली, तर त्या अर्थिंगच्या तारेत आणि तिला जोडलेल्या प्रत्येक लोखंडात वीज उतरू शकते, हे समजून ते कनेक्शन त्याच दिवशी तोडून घ्यावं.

आणखी एक चकवा. शेडचं बटण बंद आहे, तरी कुठलंही जड उपकरण लावलं की आरसीसीबी पडतो. बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. शेडच्या ओल्या बॉक्समध्ये तो न्यूट्रल अर्थिंगला टेकला असेल, तर घरातल्या इस्त्रीची परतीची वीज थोडी त्या वाटेनं जाते आणि हिशेब चुकतो. इस्त्री निर्दोष सुटते, असं नाही; आधी तिलाच दुकानात नेलं जातं. शेडचे दोन्ही पदर, फेज आणि न्यूट्रल, बोर्डातून वायरमनकडून सोडवून बघितले की खरा आरोपी कळतो. मेगर नावाच्या यंत्रानं ५०० व्होल्ट लावून तारेचं आवरण मोजता येतं. तिथे किमान एक मेगाओहम यायला हवा. हे मोजमाप पावसात किंवा पहाटेच्या दवात करावं. टळटळीत दुपारी सगळ्याच तारा साळसूद असतात.

आणि वैतागून आरसीसीबीच काढून टाकायचा मोह झाला, तर एवढं आठवावं: ३० मिलिअँपिअर हा आकडा माणसाच्या हृदयाकडे बघून ठरवलेला आहे. ही पेटी पडते तेव्हा ती बिघडलेली नसते. घरात खोटं न बोलणारी तेवढी एकच असते.

वायरमन येतो तेव्हा

घरच्या माणसानं करायचं ते मेन बंद करून: पंख पुसणं, मुंग्यांचं आणि पालीचं घर झालेला बॉक्स बघणं, दिवा अदलाबदल करणं, सेन्सर वळवणं. आणि मेन चालू असताना, आरसीसीबीचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबणं. जोड, जमिनीखालची तार, अर्थिंग आणि बोर्ड परवानाधारक वायरमनचे. ओल्या हातानं, ओल्या जमिनीवर, लोखंडी शिडीवर यातलं काहीही नाही.

वायरमन येतो, दिवा नेहमीप्रमाणे लखलखत असतो. पण या वेळी आपण ‘अधूनमधून जातो’ असं म्हणत नाही. भिंतीवरून कॅलेंडर काढून त्याच्या हातात देतो. दूध दीड लिटर, त्याच्याखाली बारीक अक्षरांत: ‘८.४०, मोटर लावून अर्धा तास, फक्त हाच.’ दोन दिवसांनी: ‘९.०५, मोटर, फक्त हाच.’ तो दिव्याकडे बघतसुद्धा नाही. सरळ शेडकडे जाणारी तार जिथे जोडलेली आहे तिथे जातो आणि काळी टेप सोडवायला लागतो.